बंद दाराबाहेर हौसा

धसईच्या बाजारात भाजी विकणाऱ्या हौसाचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे. नवरा गेल्यावर दिरांनी शेतीच्या वाटणीत फसवलं, तेव्हापासून तिचा स्वभावच तसा झाला होता.

तिची मुलगी भूमिका मुरबाडच्या कॉलेजात शिकत होती. हल्ली ती गुरुवारी उशिराच्या एसटीने येई. नीट जेवत नसे, मैत्रिणींशी बोलत नसे. आवडते कानातले तिने मामेबहिणीला देऊन टाकले, असं ती सांगे. हौसाला ते खरं वाटेना. यामागे कुणीतरी पोरगा आहे, हे तिने मनाशी पक्कं केलं.

एका गुरुवारी बाजार सोडून ती थेट कॉलेजात गेली. शिपायाने लायब्ररीमागची खोली दाखवली. दार बंद होतं, आतून भूमिकाचं रडणं ऐकू येत होतं. हौसाने दार ढकललं. आत पोरगा नव्हता. कॉलेजच्या समुपदेशक अनिता मॅडम होत्या.

"दार लावून काय शिकवताय माज्या पोरीला?"

मॅडमनी भूमिकाकडे पाहिलं. "तू सांगतेस?"

"आये, मला जगावंसंच वाटत नव्हतं गो."

हौसाने तिचा दंड धरला. "कुनी काय केलं तुला? नाव सांग."

"कुनीच काय नाय केलं."

हे हौसाला पटेना. मॅडम म्हणाल्या, "मावशी, कारण सावकाश शोधू. सध्या तिला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते हलवा. डॉक्टरांकडे मी सोबत येते."

"आमच्या घरात काय हाय, ते तुमाला कशाला पायजे?"

पण घरी पोचताच तिने औषधाचा डबा भाऊ नथूच्या घरी नेऊन कुलपात ठेवायला लावला. "कशाला ते इचारू नको," एवढंच त्याला म्हणाली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "ह्यानं पोर येडी नाय ना होनार?" असं तिने त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. गोळ्या स्वतःजवळ ठेवल्या, रोजची गोळी स्वतःच्या हाताने दिली. गुरुवारी ती त्या बंद दाराबाहेर बसू लागली. आत काय बोलतात याचा संशय तिला शेवटपर्यंत छळत राहिला.

परीक्षेत भूमिकाचा एक विषय राहिला, पण ती पुन्हा जेवू लागली, कॉलेजात रमू लागली. हौसा रोज सकाळी विचारते, "आज कसं वाटतंय? खरं सांग." कधी भूमिका म्हणते, "आज बरं नाय." त्या दिवशी हौसा बाजाराला जात नाही.