सुधाआत्या समुद्र पाहून आली

आत्या आज सकाळी गेली, आणि मला सगळ्यात आधी हायसं वाटलं.

हे वाचून कुणाला राग येत असेल तर खुशाल यावा. गेला महिनाभर ती एकेक श्वास कसा ओढत होती, ते तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलंय.

सुधाआत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. यवतमाळकडच्या नेरच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर सायन्स शिकवलं. रिटायर झाल्यावरही रस्त्यात भेटेल त्या पोरीला थांबवून म्हणायची, "नखं काप वं."

मागच्या वर्षी कळलं की तिची फुप्फुसं आकसत चालली आहेत. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. पुढचं काही बोलले नाहीत. आम्ही काय ते समजलो.

त्याच संध्याकाळी आत्यानं जाहीर केलं,

"मले समुद्र पाहाचा हाय. अन् देवमासा."

बाबा उखडलेच. "काहून? टीव्हीवर पाह्य ना! रस्त्यात काई झालं तं लोकं आमच्या तोंडात शेण घालतीन."

"घरी मेली तरी घालतीनच," आत्या म्हणाली.

तिचं कारण वेगळंच होतं.

देवमासा हा मासा नाही, तो फुप्फुसानं श्वास घेतो, त्यासाठी त्याला पाण्यावर यावंच लागतं, हे तिनं किती बॅचना शिकवलं असेल. एकदा शबाना नावाच्या पोरीनं भर वर्गात विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यला का?"

आत्या म्हणाली, "नाई. पुस्तकात वाचला."

वर्ग हसला. त्या हसण्याचं तिला काही वाटलं नाही. पण ते 'नाई' तिच्या मनातून कधी गेलं नाही.

तीच शबाना आता यवतमाळला नर्स आहे. तिनं सुट्टी टाकली आणि बाबांना सांगितलं, "काका, सिलिंडर माह्यावर सोडा."

निघताना बाबा मला एवढंच म्हणाले, "काई झालं तं तुह्यावर हाय."

कोकणापर्यंत गाडी मीच चालवली. ते वाक्य सोबत घेऊन.

दापोलीजवळच्या किनाऱ्यावर बोटवाले मामा सिलिंडर बघून आधी नाहीच म्हणाले. शबाना त्यांच्याशी बराच वेळ बोलली, तेव्हा कुठे तयार झाले. "पण देवमाशाचं काही सांगता येत नाही हां. डॉल्फिन दिसतील."

"चालते," आत्या म्हणाली. "डॉल्फिन त्याच्याच गोतातला हाय."

आता आमच्याकडे रानातलं जनावर बघायचं म्हणजे टिपेश्वरचा वाघ. जिप्सीत हूं की चूं करायचं नाही, भडक कपडे नाहीत, अत्तर नाही.

आत्यानं हीच शिस्त समुद्रावर आणली! आम्हा तिघींना मळकट हिरवे कपडे. सकाळपासून पावडर बंद, बडबड बंद. आणि मामांनी केशरी लाइफ जॅकेट पुढे केलं तर ही अडूनच बसली.

"हे पाहून कोनतं जनावर थांबन बाप्पा?"

मामा पोट धरून हसले. "अहो बाई, वाघ आहे का तो?"

जॅकेट घातलं शेवटी, नाखुशीनं.

पाण्यात बाकीच्या बोटी इकडून तिकडे धावत होत्या. "तो बघा, तो बघा" चाललं होतं. आमच्या बाईंचा हुकूम सुटला, "इंजिन बंद करा. पाणवठ्यावर बसतो तसं बसू."

आजारी माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून मामांनी केलं बंद.

बराच वेळ काहीच नाही. बोट डुलत होती. आत्याचे ओठ निळसर दिसायला लागले. शबाना तिची नाडी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. परत फिरू या.

मी मामांना खूण करणार, तेवढ्यात बोटीला लागूनच आवाज आला.

फूऽऽस्.

आधी ऐकू आला, मग दिसला डॉल्फिन. करडी ओली पाठ वर आली, श्वास घेतला, खाली गेली. मग दुसरी. तिच्याजवळ एक पिल्लू.

इंजिन चालू असतं तर तो श्वास आम्हाला ऐकूच आला नसता.

आत्या कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"शबाना, मी तुमाले खोटं नाई शिकवलं वं."

पेशंटसमोर न रडणारी शबाना तिथे रडली. "हाव मॅडम," म्हणाली.

नेरला परतलो तेव्हा मी दारातच बसकण मारली आणि ढसाढसा रडले. आणली बाई, जिवंत आणली. बाबांनी पाण्याचा तांब्या आणून हातात दिला.

त्यानंतर आत्यानं अख्खा हिवाळा काढला. काही मागितलं नाही, कशाची हळहळ केली नाही. शेवटचा महिना मात्र फार वाईट गेला.

आज आत्या गेल्यावर शबानानंच मशीन बंद केलं. घर एकदम शांत झालं.

सकाळपासून माणसं येताहेत. कसं झालं, काय झालं, विचारताहेत. बाबा आजाराचं नावच काढत नाहीत. येईल त्याला दारातच सांगताहेत,

"माही बईन समुद्रात जाऊन आली. डॉल्फिन पाह्यले तिनं. पिल्लासकट."

आत्या, सुखानं जा.

तुझ्या सगळ्या पोरींचा तुला शेवटचा नमस्कार.