एकोतली घूं

ऑर्केस्ट्रावाल्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते वायरींच्या ढिगात पडलेले असतात, एक ओढला की बाकीचे गुंतून बाहेर येतात. आमच्या पार्टीचे निम्मे किस्से एका डब्याचे आहेत. हा डबा म्हणजे माझ्या गिटारचा जुना एको. पायाने दाबला की वाजवलेला सूर मागून पुन्हा पुन्हा येतो. यवतमाळच्या एका बंद पडलेल्या पार्टीचं सामान आम्ही उचललं, त्यात तो आला. आला तोच घूं करत आला!

उरलेले निम्मे उत्तमदादांचे. उत्तमदादा राठोड, आर्णीकडच्या तांड्यावरचे, आमचे गायक. मागच्या तापात त्यांचा एक कान गेला आणि दुसराही मंद झाला. गाणं मात्र जागचं हललं नाही. ते कसं, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. गाणं सुटलं तर दादांचं काय उरेल, याची मला मनापासून भीती वाटायची.

*

आर्णीला गणपतीत मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले. कान देऊन मला म्हणाले, "मास्तर, पेटीत भुंगा शिरला काय?"

आमचा कीबोर्डवाला पंकज म्हणाला, "थो आमचा दुसरा गायक हाय, भाऊ. चहासुद्धा मांगत नाही!"

*

त्याच मंडळात मी घूंचा माग काढायचं ठरवलं. ट्यूबलाइट बंद करायला लावल्या. घूं तशीच. लायटिंग बंद, कूलर बंद. तशीच! शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीत गेलो आणि भर दुपारी चक्की थांबवायला लावली. परत येऊन ऐकतो तर डबा आपला घूं!

गिरणीवाला पिठाचे हात झटकत मागोमाग आला. "मास्तर, आता सूर्य बी बंद करू काय?"

*

डब्याचं दुसरं दुखणं असं, की एको बंद ठेवला तरी गिटारची सगळी धार जायची. गोधडीखाली बसून वाजवल्यासारखं वाटायचं. दारव्ह्याचे सलीमभाई आमचे अ‍ॅम्प म्हणजे स्पीकरचे खोके दुरुस्त करतात. त्यांनी डबा उघडला आणि खो खो हसले.

"बंद असला तरी तुमचा आवाज पुऱ्या डब्यातून फिरून येऊन राह्यला! दारव्ह्याहून यवतमाळले जायले आर्णीवरून कोन जाते, मास्तर?"

*

पंकजचं दादांशी एकच भांडण. दादा त्याच्याकडून कधी सूर घेत नसत. उभे राहत तेही माझ्या अ‍ॅम्पपाशी, त्यावर हात टेकून. गुडघे दुखत असतील म्हणून आम्ही तिथे स्टूल ठेवलं, तर त्यावर त्यांनी पाण्याची बाटली ठेवली. आणि गात ते नेहमी पांढरी पाच या पट्टीच्या केसभर वर.

"दादा, जरासेक खाली या ना," पंकज एकदा वैतागून म्हणाला.

"तूच वर ये!"

पंकजने मुकाट्याने कीबोर्ड केसभर चढवला, मी गिटार चढवली. तेव्हापासून आमची अख्खी पार्टी जगापेक्षा केसभर वर आहे.

*

मग दारव्ह्याचा कार्यक्रम आला. संयोजकांनी आधीच बजावलं, "मोबाइलवर लाइव्ह दाखवणार आहोत. ती घूं नको. आणि तुमच्या दादांना ऐकू येत नाही म्हणतात. कोणी तरुण गायक नाही का?"

मी म्हटलं, "दादाच गातील." आणि डबा उचलून सलीमभाईंकडे नेला.

सलीमभाईंनी डब्यातले सुकलेले कपॅसिटर बदलले, नवा स्विच टाकला. डबा लावला. घूं गायब! गिटार काचेसारखी स्वच्छ. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आता मुंगी चालली तरी ऐकू येईन," सलीमभाई म्हणाले.

संध्याकाळी हॉल भरला. सलीमभाईही पहिल्या रांगेत येऊन बसले. पंकजने सुरावट वाजवली. अ‍ॅम्पवर हात ठेवून दादा उभे. गाणं उचलायची जागा आली आणि गेली. पंकजने पुन्हा वाजवली. पुन्हा गेली. दादांनी अ‍ॅम्पवर तळहात घट्ट दाबला, मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, डबा बंद हाय काय?"

"चालू आहे, दादा!" मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं.

"मंग बोलत काहून नाही?"

त्यांचा चेहरा मला पाहवेना. मागून कोणीतरी शिट्टी मारली. संयोजक घाम पुसत उठले.

त्यांच्या आधी सलीमभाई स्टेजवर चढले. डब्यापाशी उकिडवे बसले आणि माझ्या गिटारची पिन अर्धी बाहेर ओढली. माझी गिटार गेली आणि अ‍ॅम्पमधून आली ती घूं! बटण फिरवून त्यांनी ती बेताची केली.

दादांनी डोळे मिटले. पंकजने तिसऱ्यांदा सुरावट धरली आणि दादांनी गाणं उचललं. बरोबर घूंच्या सुरात, केसभर वर.

संयोजक स्टेजच्या कडेला येऊन कुजबुजले, "अहो, ती घूं बंद करा ना! सगळं लाइव्ह जातंय!"

सलीमभाई तिथेच बसून होते, एक हात पिनेवर धरून. त्यांनी मानही वळवली नाही.

"बसा, साहेब. दादा गाऊन राह्यले."