काठोकाठ पेला

“इंग्लिश शाळेतली पोर, तोंडातून शब्द निघत नाय हिच्या. घोडी काय ऐकणार हिचं?” वडखळहून आलेला व्यापारी माझ्या काकांना म्हणत होता. मी खोगिराला तेल लावत होते. त्या तेलाचा वास आला की अजून तीच सकाळ आठवते. घोडीची रवाल आज बसली नाही तर तिला विकत घेऊन जा, असं काकांनी त्याला सांगितलं होतं. रवाल म्हणजे पाठ न हलवता झपझप चालणं, आणि आमची तरणी घोडी मधेच चौखूर उधळायची. काकांची परीक्षा ठरलेली: एका हातात लगाम, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला आणि मिठागराचा अरुंद बांध. बाकीचे स्वार तिला ओरडून आवरायचे. त्या दिवशी पेला घेऊन मी तिच्यावर बसले. मी गप्पच राहिले, लगाम सैल ठेवला आणि मांड घट्ट. बांधालगतच्या खाजणातून, त्या खाऱ्या दलदलीतून, बगळे फडफडत उठले, तिनं कान टवकारले, पण चाल मोडली नाही. परत आले तेव्हा पेला भरलेलाच होता. “आता तर घोडी नेतोच,” व्यापारी म्हणाला. काका माझ्याकडे बघत राहिले. चारचौघांत मी आजही फार बोलत नाही, पण तेव्हा खाली उतरून पेला त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, “पाणी प्या. घोडी विकायची नाय.”