मोगऱ्याला फिल्टरचं पाणी

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता लातुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बागप्रेमींचं मंडळ जमतं. तिथले पंखे फिरतात पण वारा लागत नाही, माइक आधी शिट्टी मारतो आणि मग बोलतो, आणि चहा नेहमी व्याख्यान संपायच्या आधीच येऊन गार होतो. अशा ठिकाणाचे उपकार मानायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आज मानते, आणि मोकळ्या मनानं मानते.

आधी मात्र या मंडळींबद्दल माझं मत काही बरं नव्हतं. मी मुखेडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन लातूरला आले, एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटले आणि इथलीच झाले. आमच्या घरात झाडं लावायला कुणी कुणाला शिकवलं नाही, कारण ते शिकायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. शेजारच्या वहिनी दर महिन्याला वही-पेन घेऊन त्या व्याख्यानाला निघाल्या की मला हसू यायचं. गच्चीवर चार वांगी लावायची, त्याला टिपणं कसली काढायची, असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. माझं तोंड असंच आहे. ते मला वडलांकडून आलंय.

वडलांना आम्ही आबा म्हणतो. आबांच्या तोंडाला आमचं गाव टरकून असायचं. भाकरी जाड झाली तर आईला, पेरणीची पाभर वाकडी चालली तर गड्याला आणि काहीच चुकलं नाही तर बैलांना ते बोलत. त्यात द्वेष नसायचा. आपलं म्हटलं की बोलायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आई गेल्यावर ते गावी एकटेच राहिले. शेत बटईनं कसायला दिलं होतं, धाकटा भाऊ पुण्याला. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडले आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. शेजारच्या माणसानं हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा कळलं. हाड शाबूत राहिलं हे नशीब. महिनाभरानं, चालायला लागल्यावर, मी जाऊन त्यांना घेऊन आले.

येताना त्यांच्याकडे कपड्यांची एक पिशवी होती आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं मोगऱ्याचं रोप. आईचा मोगरा न्हाणीच्या मागं होता. त्याची एक फांदी मातीत दाबून आबांनी मुळ्या फुटेपर्यंत वाट बघितली होती. अहमदपूरला एसटी बदलताना मी डबा धरायला हात पुढं केला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू पिशवी घे."

घरी आल्यावर मात्र आबा मला ओळखूच येईनात. जुने लोक लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आबा तेवढे जुने नाहीत, जेवायचे, चहा घ्यायचे. पण खुर्चीच्या कडेवर बसायचे. चहा कसाही झाला तरी म्हणायचे, "लई बेस झाला." भाजीत मीठ विसरलं तरी गुमान खायचे. तहान लागली की स्वतः उठून माठाकडं जायचे, दुखऱ्या पायानं, पण हाक मारायचे नाहीत. टीव्हीवर काहीही चालू असलं तरी तेच बघायचे. आणि दर आठ-दहा दिवसांनी एकदा सांगायचे, "दिवाळी झाली की जातो गावाकडं. लेकीच्या घरी किती दिवस ऱ्हायाचं?" माझे यजमान बिचारे दर वेळी म्हणायचे, आबा, राहा की. ते हसायचे आणि हात जोडायचे. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला हात जोडले नाहीत, तो जावयाला हात जोडतोय हे मला बघवत नसे.

आता माझ्या फिल्टरचं सांगते, कारण सगळं रामायण तिथं घडलं. लातूरच्या माणसाला वाया जाणारं पाणी बघवत नाही. टंचाईच्या दिवसांत आम्ही तांब्या मोजून आंघोळी केल्या आहेत, भाज्या धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळली आहेत. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आमच्या घरचं रोजचं पाणी बोअरचं, जड. म्हणून पिण्यासाठी फिल्टर बसवला, तर तो एक तांब्या चांगलं पाणी देण्यासाठी दोन तांबे मागच्या नळीतून टाकून देतो. माझा जीव नुसता तळमळला. मी त्या नळीखाली बादली लावली आणि ते पाणी झाडांना घालायला लागले. एवढ्यावर गप्प बसेन तर मी कसली? कॉलनीच्या ग्रुपवर मी त्यावर लांबलचक मेसेज लिहिला, घरोघरी जाऊन नळ्या तपासल्या, बायकांना फैलावर घेतलं. माझ्या तोंडाला लागण्यापेक्षा बादली लावलेली बरी, असा विचार करून बऱ्याच जणींनी ती लावली.

आबांच्या मोगऱ्याला मी तेच पाणी रोज सकाळी एक तांब्या घालत होते. आईचा मोगरा न्हाणीच्या सांडपाण्यावर माजला होता. हे तर काचेसारखं स्वच्छ पाणी, मग यावरचा मोगरा तर त्याहून फोफावेल असा माझा हिशेब होता.

नवरात्र आलं तशी पानं कडेनं करपायला लागली. मग पिवळी पडली, मग गळायला लागली. मी शेणखत घातलं, जागा बदलली, पाणी वाढवलं. आबा रोज संध्याकाळी बाल्कनीत त्या डब्याशी बसायचे, बोटानं माती उकरून बघायचे आणि काही न बोलता हात धुवायचे. एके दिवशी म्हणाले, "ह्याला हितलं मानवंना. दिवाळीला जाताना मी ह्याला बी घिऊन जातो."

मी आत येऊन ओट्याशी उभी राहून रडले. आबा गेले की पुन्हा ती न्हाणी, पुन्हा ती ओली फरशी, आणि हाकेला धावून येणारं कुणी नाही. 'जाऊ नका' असं मी दहा वेळा म्हणून झालं होतं आणि त्याचं उत्तर मला पाठ होतं. मग मनानं वेडा हट्ट धरला की हा मोगरा जगला तर आबा राहतील. मला दुसरं काही हातात दिसत नव्हतं.

शेजारच्या वहिनींना मी तोंड पाडून विचारलं. त्या बिचाऱ्यांनी माझी मस्करी केली नाही. म्हणाल्या, "रविवारी झाड घेऊनच या." त्या मंडळात पद्धत आहे. व्याख्यान झालं की पुढच्या टेबलावर लोक आपापली आजारी झाडं मांडतात आणि व्याख्याते एकेक तपासतात. रविवारी मी, वहिनी आणि आबा रिक्षानं निघालो. डबा आबांच्या मांडीवर होता. तो दुसऱ्याच्या हातात द्यायला ते तयार नव्हते, म्हणून तर आले.

त्या दिवशी बोलायला नांदेडहून एक बाई आल्या होत्या. माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, पहाटेच्या एसटीनं आलेल्या, पदर खोचून उभ्या. खरं सांगते, मी त्यांचं तासाभराचं व्याख्यान नीट ऐकलं नाही. माझं लक्ष टेबलावर होतं. शेवटी झाडं मांडली तेव्हा बाई म्हणाल्या, "झाडाला काय झालंय ते मला झाड सांगेल. तुम्ही काय काय दिलंत, तेवढंच तुम्ही सांगायचं. खरं सांगायचं."

एका निवृत्त साहेबांनी गुलाबाला रोज उरलेला चहा पाजत असल्याचं कबूल केलं. साखरेसकट. सगळा हॉल हसला, मीही हसले. मग माझी पाळी आली.

मी ताठ उभी राहून सांगितलं, "मी पाण्याचा थेंब वाया घालवत नाही. फिल्टरचं वाया जाणारं पाणी रोज याला घालते."

मला वाटलं, टाळ्या पडतील. बाईंनी विचारलं, "बोअरवर आहे का फिल्टर?" मी हो म्हटलं. त्यांनी डब्याच्या काठावरची पांढरी खपली नखानं काढून मला दाखवली. मी ती रोज बघत होते आणि चुना समजत होते. बाई म्हणाल्या, "फिल्टर गोड पाणी तुम्हाला देतो आणि सगळा खार मागच्या नळीनं बाहेर टाकतो. तो खार तुम्ही याला रोज पाजलात, माय." मग त्यांनी हॉलकडं बघून विचारलं, "अजून कोण कोण घालतं हे पाणी?" निम्म्या हॉलनं हात वर केला. शेजारच्या वहिनींनीही केला. आमच्या कॉलनीतल्या आणखी दोघी होत्या, त्यांनीही केला, आणि तिघी माझ्याकडं बघायला लागल्या. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

बाई मात्र माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या आबांकडं बघत होत्या. म्हणाल्या, "मामा, तुम्ही शेतातले दिसता. तुम्ही बघा बरं ही माती."

आबा उठले. चिमूटभर माती घेतली, जिभेला लावली आणि बाजूला थुंकले. लहानपणी गावच्या ओढ्याकाठच्या खारवट, चोपण रानात मी त्यांना असं करताना बघितलं होतं. ते म्हणाले, "खारी हाय. दसऱ्याच्या आधीपासून खारी हाय. मला ठावं होतं."

"मग बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

आबांनी टोपी नीट केली. "लेकीचं घर हाय. आपण पावणे. पावण्यानं घरच्या पाण्याला नावं ठिवू न्हाईत."

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आईचं झाड डोळ्यांदेखत मरत होतं, औषध आबांना माहीत होतं, आणि माझ्या घरात ते एक शब्द बोलायला भीत होते. भाकरी जाड झाली म्हणून बोलणारे माझे आबा.

बाईंनी उपाय सांगितला. नळाचं पाणी हळूहळू ओतून माती दोनदा धुवायची, खालून निथळू द्यायची, वरचा थर बदलायचा. पुढं तांदूळ-डाळीचं धुवण घालायचं. फिल्टरचं पाणी फरशी पुसायला ठेवायचं. मी सगळं वहिनींच्या वहीत लिहून घेतलं. त्यांनी त्यावरून आजतागायत मला चिडवलेलं नाही, हेही त्यांचे उपकार.

आम्ही रिक्षानं परत निघालो. गांधी चौक ओलांडला आणि माझा बांध फुटला. म्हटलं, "आबा, मी परकी आहे का? तुम्ही मला बोलत नाही म्हणजे मी मेले का तुम्हाला?" रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. आबांनी मांडीवरचा डबा सावरून धरला.

नळाला पाणी आलं त्या सकाळी मी दोन बादल्या बाल्कनीत नेल्या. लातूरच्या बाईनं नळाचं पाणी मातीतून नुसतं वाहून जाऊ द्यायचं म्हणजे काय यातना असतात, ते बाहेरच्याला कळायचं नाही. लवकर उरकावं म्हणून मी भसाभसा ओतायला लागले.

मागून आवाज आला, "अगं काय करायलीस? माती उसळायली सगळी. हळू वत की. ल्हानपणापासून दम कसा तो न्हाईच तुला. तुझी माय सांगून सांगून थकली."

मी तांब्या हातात धरून तशीच थांबले. पाच महिन्यांत आबा पहिल्यांदा मला बोलले होते. मला इतकं बरं वाटलं की ते सांगायला शब्द नाहीत. मी मुद्दाम आणखी जरा जोरात ओतलं. त्यांनी तांब्या हिसकून घेतला.

त्यानंतर ते सुटलेच. चहा बासुंदी झालाय, वरण पचपचीत आहे, जावयाच्या चपला दारात वाकड्या आहेत. माझे यजमान एकदा दबक्या आवाजात म्हणाले, "ते हात जोडायचे तेच बरं होतं का गं?" मी त्यांच्याकडं असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली, गावाकडं जायचा विषय निघाला नाही. मोगऱ्याला माघात नवी पालवी फुटली आणि चैत्रात पहिल्या पाच कळ्या आल्या. आबांनी त्या आईच्या फोटोपुढं ठेवल्या.

आता दुसऱ्या रविवारी आबा नऊ वाजल्यापासून टोपी घालून तयार असतात. पहिल्या रांगेत बसतात, व्याख्यात्याचं पटलं नाही की तिथंच "हे काय बरुबर न्हाई" म्हणतात, आणि गार झालेला चहा पिताना चहावाल्यालाही चार शब्द ऐकवतात.

गेल्या महिन्यात औशाहून एक नवीन लग्न झालेली मुलगी आली होती. तिच्या हातातल्या कुंडीत तुळस होती, पानं कडेनं करपलेली. ती कोपऱ्यात अवघडून उभी होती. आबा तिच्याजवळ गेले, माती जिभेला लावली आणि बाजूला थुंकले.

"घाबरू नको, पोरी," ते म्हणाले. "आमच्या घरी बी असंच झालं व्हतं."

मी मागच्या रांगेत होते. वहिनींनी विचारलं, डोळ्यात काही गेलं का. मी म्हटलं, हो, पंख्याची धूळ.