चार आणि चार

संध्याकाळचे सहा चाळीस झाले होते. पनवेलच्या आपल्या घरी दहावीची शिकवणी घेणारी बिल्कीस मुलं गेल्यावर फळा पुसत होती. वरचं समीकरण पुसून झालं, खालचं उरलं: क्ष + २य = १२. तिथे तिचा हात थांबला.

आदिलचं उत्तर होतं, क्ष दोन आणि य एक. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, म्हणून तिने ते घाईत फक्त वरच्या समीकरणात टाकून पाहिलं होतं: ३क्ष − २य = ४. तिथे जुळलं आणि आदिलला शाबासकी मिळाली. खाली मात्र त्याचे बाराऐवजी चारच होत होते.

फिजाने क्ष चार आणि य चार सांगितले होते. वर्षभरात पहिल्यांदाच तिने आपणहून हात वर केला होता. "दोन्ही सारखेच? दिलंस ठोकून," म्हणत बिल्कीस हसली, मग सगळेच हसले. चुकेल त्याने चटया गुंडाळायच्या, हा बिल्कीसचाच नियम. फिजाने मुकाट्याने सगळ्या गुंडाळल्या. बरोबर तीच होती.

बिल्कीसने तिच्या घरी फोन लावला.

"फिजा, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी झाली."

"माहीत आहे, टीचर. मी दोन्हींत टाकून पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसलात ना."

"उद्या येशील ना?"

"येईन. हात नाही वर करणार."

उद्या साडेपाचला वर्ग भरेल. फळ्यावर पहिलं गणित हेच असेल आणि वर्ग सुटल्यावर चटया बिल्कीस गुंडाळेल.