दाजींची एकुलती एक चूक

दाजी गेल्याचा आक्काचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मोरपंखी साडीला ब्लाउजपीस शोधत होतो. समोरच्या बाईंना सांगितलं, दाजी गेले, शटर ओढायला हवं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, "देवमाणूस हो..." म्हणाल्या, आणि मग अगदी कळवळून, "आता रंग कोण बघणार?" मी हातात चार पीस घेऊन त्यांच्यापुढंच उभा होतो. बहिणीचा नवरा गेला होता आणि माझ्या पोटात दुखलं ते या वाक्यानं. खोटं कशाला सांगू?

वीस-बावीस वर्षं आम्ही दोघांनी कोल्हापुरात हे मॅचिंगचं दुकान चालवलं. म्हणजे त्यांनी रंग बघितले, मी कापड फाडलं. लाल कापड दाखवून झालं की दाजी थोडा वेळ भिंतीच्या चुन्याकडं बघायचे आणि मगच दुसऱ्याला हात लावायचे. "लाल बघून डोळा दमतोय, पावणं. दमलेल्या डोळ्याला पांढरंबी हिरवट दिसतंय." मी हसायचो आणि घरी जाऊन गुपचूप भिंतीकडं बघत बसायचो. बायको विचारायची, पाल आहे का? एकदा ते गावाला गेले असताना एका नवरीला मी ट्यूबलाइटखाली वांगी रंग जुळवून दिला. गगनबावड्याच्या मांडवात, भर उन्हात, साडी वांगी राहिली आणि ब्लाउज झाला चॉकलेटी. उजेड बदलला की रंगाची जोडी मोडते, हे ज्ञान मला लग्नाच्या अल्बममधून झालं.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुकानात परत आले ते एकदा हा डोळा झाकायचे, एकदा तो. डाव्यानं पांढरं कापड चहात बुडवल्यासारखं दिसायचं, उजव्यानं निळीतनं काढल्यासारखं. "मग इतकी वर्षं मी बघितलं ते काय हुतं?" माणूस हादरला होता... आणि मी मनातून खूश! त्याच आठवड्यात कोडोलीच्या एक मावशी अबोली साडी घेऊन आल्या. दाजींनी एक पीस काढला आणि माझ्यापुढं धरला. "पावणं, जरा बघा. दुसऱ्या डोळ्याच्या येळंला सगळं तुमच्यावरच सोडायचं हाय." इतक्या वर्षांनी त्यांनी मला विचारलं होतं. चेहऱ्यावर कोणता भाव आणावा या विचारात मी कापडाकडं बघायचंच विसरलो. "जुळतंय की!"

दुसऱ्या दिवशी मावशी परत. साडी अबोली, पीस सरळ गुलाबी.

"माझी चूक, मावशी," दाजी म्हणाले. "डोळा नवा हाय, अजून बसला न्हाई."

मी तागा गुंडाळत राहिलो. मावशी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुम्ही बघितलंच न्हाई काल. मी तुमच्याकडंच बघत हुतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"म्हटलं, चुकल्यावर तरी बघतील."

पुन्हा त्यांनी मला कधी विचारलं नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख यायच्या आत छातीत कळ आली आणि गेलेच...

परवा त्याच मावशी दुकानात भेटायला आल्या. "उभ्या जन्मात एकदाच चुकला बघा तो माणूस. पण कसं कबूल केलं! त्याला मोठं मन लागतं."

मला राहवलं नाही. "मावशी, ती चूक माझी होती."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता बास की! त्यांची एवढी एक चूक, ती बी तुम्हालाच पायजे व्हय?"

त्यांनी पिशवीतून डाळिंबी साडी काढली. काउंटरची दाराकडची बाजू, जिथं बाहेरचा उजेड पडतो, ती दाजींची. तिथं मी अजून उभा राहत नाही. एक पीस काढून साडीसकट तिकडं सरकवला आणि अलीकडूनच वाकून बघत राहिलो.

"जुळतंय न्हवं?"

"थांबा मावशी," मी म्हणालो. "बघतोय."