पहिली नळी

त्या बुधवारी त्याने ताईच्या रक्ताची नळी धुतली.

वसईच्या बाजारातली लॅब त्याचीच. हात कोरडे असले तरी बोलताना पुसत राहायचा. काचेच्या नळ्या रोज स्वतः उकळायचा आणि उजेडात धरून म्हणायचा, "बघा, पान्याचा डागबी नाय."

ताईला तिसरा महिना होता आणि अंगावर पुरळ उठलं होतं. डॉक्टरांना रुबेलाची, पोटातल्या बाळाला अपंग करू शकणाऱ्या गोवरासारख्या आजाराची, शंका आली. पंधरवड्याच्या अंतराने घेतलेली दोन रक्तं एकत्र तपासायची होती. दुसऱ्यात अँटिबॉडी वाढल्या तर आजार नवा. तेवढ्याच असल्या तर जुना, आणि बाळ सुखरूप. पहिल्या नळीवर डॉक्टरांनी चिठ्ठी लावली होती, 'जपून ठेवा.'

दुसऱ्या वेळी ताईबरोबर गेलो, तेव्हा मी ती नळी मागितली.

तो ताईकडे बघून हसला. "शिळं रगत आपल्याकडे ऱ्हात नाय, बाय."

"चिठ्ठी वाचली नाहीत?"

"वाचली की. पन ते वास मारते."

वाचून धुतली, हे मला आजही गिळवत नाही.

दुसऱ्या रक्तात अँटिबॉडी निघाल्या. नव्या की जुन्या, हे कुणालाच सांगता येईना. धोका नको म्हणून सासरच्यांनी गर्भ पाडायला लावला.

ताईला पुन्हा दिवस गेले नाहीत. आता तीही नाही. लॅब आहे, आणि नळ्या स्वच्छ आहेत.